दुसरी ब मधल्या एक्केचाळीस नेमणुका

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको: मी माफी मागितलेली नाही. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने जो शेरा पडला आहे त्याच्याखाली माझी सही आहे, हे खरं. पण ती 'वाचला' म्हणून आहे, 'पटला' म्हणून नाही. सत्तावीस वर्षं दुसरीला शिकवणाऱ्या माणसाला काही पटवायचं असेल तर एक तर चित्र काढून दाखवावं लागतं, नाहीतर दहा वेळा म्हणून घ्यावं लागतं. शिक्षण कार्यालयाने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

आणि हे सगळं रामायण कशावरून झालं? तर मॉनिटरवरून.

दरवर्षी शाळा सुरू होऊन दीड महिना झाला की मी वर्गाला मॉनिटर नेमतो. त्यात निवड वगैरे काही नसते. ज्याचं नाक स्वच्छ आणि अक्षर सरळ, तो मॉनिटर. बाकीचे चाळीसजण वर्षभर त्याच्याकडे बघून दात-ओठ खातात. यंदा कोण जाणे कुठून बुद्धी झाली, मी वर्गाला विचारलं, "मॉनिटर कोणाला व्हायचंय?" चाळीस हात वर. एक्केचाळिसावी मुलगी दाराबाहेर उभी होती. ती नेहमीप्रमाणे उशिरा आली होती, आणि उशिरा आलेल्याने दहा मिनिटं बाहेर उभं राहायचं हा माझा सत्तावीस वर्षांचा नियम. तिनेही बाहेरूनच हात वर केलेला होता.

एवढे हात बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं बरं, यंदा सगळ्यांनाच काम मिळेल. वर्षभर!"

मोठ्या माणसांना असं काही बोललं तर ती दुसऱ्या दिवशी विसरतात. म्हणूनच निवडणुका होऊ शकतात. सात वर्षांची मुलं विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या घंटेला माझ्या टेबलाभोवती गराडा. "सर, माझं काम कुठलं?" "सर, माझं?" झालं, घेतला धोंडा पायावर पाडून.

घरी बसून यादी केली. पहिली दहा सोपी गेली. फळा, खडू, केराची टोपली, वह्या गोळा करणं, दोन खिडक्यांचे दोन प्रमुख, झाडाला पाणी घालणारा. विसाव्या कामापर्यंत मी घामाघूम झालो. मग मात्र डोकं चाललं. ज्याला बुटाची नाडी बांधता येते तो नाडीप्रमुख. वर्गात जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो तो शांतताप्रमुख. एका मुलीला सगळं लक्षात राहतं, ती आठवणप्रमुख, म्हणजे मी काही विसरलो की तिने मला सांगायचं. (या पदाचा मला पुढे फार त्रास झाला. "सर, तुम्ही मंगळवारी म्हणालात शुक्रवारी गोष्ट सांगीन," हे शुक्रवारी पाच मिनिटं उरलेली असताना कोणी ऐकवलं की कळतं.) छताचा पंखा चार वर्षं बंद होता, तरी एकाला पंखाप्रमुख केलं. पंखा बंद आहे हे रोज हेडबाईंना जाऊन सांगणं हे त्याचं काम. राहिली ती उशिरा येणारी. तिला काय द्यावं? ती रोज दाराशीच असते, म्हणून तिला दार दिलं. घंटा झाली की दार लावायचं. खरं सांगतो, त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

बायकोने यादी वाचली. "अहो, एक मॉनिटर निवडता आला नाही म्हणून एक्केचाळीस निवडलेत? उद्या घरातली साखर संपली तर तुम्ही दुकानच विकत घ्याल."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण वर्गात कामं वाटल्यावर मारामाऱ्या सुरू झाल्या. फळा पुसायला चौघं धावायचे, केराच्या टोपलीकडे कोणी बघायचं नाही. मी वैतागून हे दुखणं समोरच्या जावककाकांना सांगितलं, आणि तिथेच पाय घसरला.

जावककाकांचं खरं नाव काही वेगळं आहे. पण छत्तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळल्यामुळे अख्खी इमारत त्यांना याच नावाने ओळखते. ज्याला जावक क्रमांक नाही ती गोष्ट जगात घडलेलीच नाही, अशी त्यांची श्रद्धा. परगावी असलेल्या मुलाचं पत्र आलं तरी आधी त्यावर आवक क्रमांक टाकतात, मग डोळे पुसतात.

"लेखी दिलंत का?" काकांनी विचारलं.

"काका, सात वर्षांची पोरं आहेत ती."

"म्हणूनच! तोंडी काम म्हणजे बोलाचीच कढी. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या. मसुदा मी देतो. शिक्का मारा, क्रमांक घाला, मग बघा कशी सुतासारखी सरळ येतात."

मसुदा त्यांनी त्यांच्या कचेरीचाच दिला, फक्त 'कनिष्ठ लिपिक' खोडून 'फळाप्रमुख' केलं. 'आपणांस कळविण्यात येते की, आपली खालील पदावर तात्पुरत्या स्वरूपात नेमणूक करण्यात येत असून, कर्तव्यात कसूर केल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' नेमका शाळेचा कारकून दोन दिवस रजेवर होता आणि जावक रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. योगच म्हणायचा. मी रात्रभर बसलो नाही की काही नाही, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बसून एक्केचाळीस पत्रं छापली, गोल शिक्का मारला, आणि रजिस्टरमध्ये दोनशे बारापासून दोनशे बावन्नपर्यंत सुवाच्य अक्षरात क्रमांक घातले. वाटप केलं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. केरप्रमुखाने पत्राचा वास घेतला आणि दोन्ही हातांनी टोपली उचलली.

एकच गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. काकांच्या मसुद्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'प्रत माहितीसाठी: वरिष्ठ कार्यालय.' ती मी खोडली नव्हती. आणि आमचे शिपाईमामा इतके नियमाचे पक्के, की त्यांनी एक्केचाळीस पत्रांच्या एक्केचाळीस प्रती पाकिटात घालून शिक्षण कार्यालयात स्वतः नेऊन दिल्या आणि पोच आणली. त्यांना मी पुढे विचारलं, तर म्हणाले, "सर, लिहिलंय ना खाली." 

पण ते कळायला वेळ होता. तोवर वर्गात राज्य सुरू झालं.

खडूप्रमुखाकडे मी खडू मागितला तर तो म्हणाला, "जुना तुकडा जमा करा." मी म्हटलं, अरे, तो संपला. "संपला तर दाखवा." मी सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस जमिनीवर वाकून खडूचा तुकडा शोधत होतो. फळाप्रमुख तापाने घरी राहिला, तेव्हा त्याची आई सकाळी सातला डस्टर घेऊन दारात हजर. "तो म्हणाला चार्ज दिल्याशिवाय झोपणार नाही." शांतताप्रमुख दर पाच मिनिटांनी "शांत बसाऽऽ" अशी डरकाळी फोडायचा आणि शेजारच्या वर्गातली मुलं दचकून पाढे विसरायची. पंखाप्रमुखाने रोज सकाळी हेडबाईंच्या खोलीत जाऊन "पंखा बंद आहे" असं सांगायचा सपाटा लावला. सतराव्या दिवशी हेडबाईंनी स्वतः मिस्त्री बोलावला. चार वर्षं मी अर्ज करत होतो, तेव्हा हलला नव्हता तो पंखा. पंखा फिरायला लागला तर पोरगा रडत आला, "सर, आता मला काम नाही." त्याला नळावर बदली दिली. नळ गळतो, तेव्हा त्याची नोकरी पक्की.

एका पालकांनी मला रस्त्यात गाठलं. "सर, आमच्या मुलाला केराचं खातं दिलंत. त्याचे आजोबा अधिकारी होते." मी म्हटलं, पूर्ण वर्गात ज्याची तपासणी रोज होते असं ते एकमेव खातं आहे. ते खूश होऊन गेले. घरी जाऊन त्यांनी मुलाला फाईल घेऊन दिली, असं कळलं.

आणि दार. दाराकडे मी बघितलंच नव्हतं. पत्रं वाटल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाहेर कोणी उभं नाही. आमची रोजची उशीरवाली घंटेच्या आधी येऊन दाराला पाठ लावून उभी. घंटा झाली, दार लावलं, कडी घातली. तिचं हजेरीपत्रक मी काढून बघितलं. पत्राआधी अडतीस उशीर, पत्रानंतर एकही नाही. हेडबाईंनी तिच्या आईला बजावून ठेवलेलं होतं की पन्नास उशीर झाले की पोरीला दुपारच्या सत्रात टाकू. बारा राहिले होते. मी मनात म्हटलं, बघा, जबाबदारी दिली की मूल कसं सुधारतं! हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत तीनदा बोलून दाखवलं.

दारावर तिने स्वतःचा नियम काढला. उशिरा येणाऱ्याने टकटक करायची. ती दार चार बोटं उघडायची आणि विचारायची, "उशीर का झाला?" खरं कारण सांगितलं की एका वहीत लिहायची आणि लगेच आत घ्यायची. बाहेर उभं करणं नाही. मी म्हटलं, "अगं, दहा मिनिटांचं काय?" ती म्हणाली, "बाहेर उभं राहून उशीर कमी होत नाही सर." गणित चुकलेलं नव्हतं, म्हणून मी तास सुरू केला. त्या वहीत मग शिपाईमामाही आले (सायकलची चेन पडली), कारकूनही आला (मुलाने चष्मा लपवला), आणि एकदा मीही (झोप लागली). मला खोटं कारण सुचलं होतं, पण चार बोटांच्या फटीतून तो एक डोळा बघत होता.

मग कार्यालयाचं पत्र आलं.

'आपल्या शाळेत एक्केचाळीस पदे विनामंजुरी भरल्याचे निदर्शनास आले आहे. उमेदवारांची शैक्षणिक पात्रता, जन्मतारीख व निवड समितीचे इतिवृत्त सात दिवसांत सादर करावे.' हेडबाईंनी ते माझ्यासमोर धरलं. मी त्यांना सगळं समजावलं आणि सरळ मनाने उत्तर पाठवलं. शैक्षणिक पात्रता: पहिली उत्तीर्ण. जन्मतारखा सोबत जोडल्या. मला वाटलं, वाचतील, हसतील, फाईल बंद करतील. दहा दिवसांनी दुसरं पत्र. 'सात वर्षे वयाच्या उमेदवारांना सेवेत कसे घेण्यात आले याचा खुलासा करावा. बालकांना कामास लावणे हा गुन्हा आहे याची आपणांस जाणीव आहे काय?' आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो.

"सर," हेडबाई म्हणाल्या, "हे बघा, माझी तीन वर्षं राहिलीत. सगळी पत्रं परत घ्या, रद्द झाली म्हणून कळवा, आणि विषय संपवा."

आणि मी हो म्हटलं. लपवत नाही. आज मी कितीही छाती पुढे काढून बोलत असलो तरी त्या दिवशी मी शेपूट घातलं होतं.

वर्गात सांगितलं, पत्रं आणून द्या. आठवणप्रमुख उभी राहिली. "सर, तुम्ही म्हणाला होतात वर्षभर." मी तिला बस म्हटलं. एकेक पत्र यायला लागलं. एकाने प्लास्टिक चढवलेलं, एकाने फ्रेम करून भिंतीवरून काढून आणलेलं, खिळ्यासकट. केरप्रमुखाने फाईलच आणून दिली आणि टोपलीकडे पाठ करून बसला. तिसऱ्या दिवसापर्यंत चाळीस पत्रं जमा झाली. राहिलं एक.

मी दारापाशी गेलो. "तुझं पत्र कुठे आहे?"

"आजींकडे."

"कुठल्या आजी?"

"पाळणाघरवाल्या. त्यांनी भिंतीला लावलंय."

"तिथे कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की हे काय विचारणं झालं. "आई सहाला कामावर जाते. मग मी भावाला पाळणाघरात सोडते. ते साडेसातला उघडायचं. सोडून मी पळत यायचे, तरी घंटा होऊन जायची. पत्र दाखवल्यापासून त्या सव्वासातला उघडतात."

"आधीच सांगायचं ना त्यांना, की जरा लवकर उघडा!"

"आईने सांगितलं होतं. दोनदा. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं असंच असतं. मग पत्र बघून म्हणाल्या, शिक्का आहे, म्हणजे यावंच लागेल." तिने कडी धरली. "सर, पत्र काढून आणलं तर त्या परत साडेसातलाच उघडतील."

मी म्हटलं, आणि दुपारची शाळा? ती म्हणाली, पाळणाघर एकला बंद होतं, शाळा सुटल्यावर भावाला तीच घरी नेते, दुपारची शाळा झाली तर आई म्हणाली आहे की शाळा राहू दे. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, उद्या चित्रकलेची वही आणायची आहे असं सांगावं तसं.  आणखी एक प्रश्न विचारायचा होता, पण घंटा झाली आणि ती दार लावायला वळली.

म्हणजे जबाबदारीने सुधारली वगैरे सगळी माझी बडबड. पोरगी पहिल्यापासून धडधाकट होती. तिला पंधरा मिनिटं कमी पडत होती, आणि ती मिळाली एका गोल शिक्क्याने.

मी खणातली चाळीस पत्रं काढली आणि ज्याची त्याला परत दिली. फ्रेमवाल्याला खिळासुद्धा दिला. हेडबाई धावत आल्या. "सर, तुम्ही काय करताय?" मी म्हटलं, "नेमणुका कायम करतोय." "एवढ्या एका मुलीसाठी?" "बाई, माझ्या वर्गात एक्केचाळीस आहेत. तुम्हाला त्यातली एकच दिसत असेल."

असं बोलून तर गेलो, आणि घर गाठलं. बायकोला सांगितलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं पोरांना बाहेर उभं करत होतात, त्यातल्या कितीजणांची पाळणाघरं होती, कोणाला माहीत." त्यापेक्षा तिने दुकानाचा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जावककाका मात्र खुर्चीत सावरून बसले. पेच पडला की त्यांना तरतरी येते. "सोपं आहे. त्यांना विचारा, जे पद मंजूरच नाही ते रद्द कसं करायचं? रद्द करायचं तर आधी ते होतं असं मान्य करा. मान्य केलंत तर मग मंजूरच झालं की! आणि काढून टाकायचं तर प्रत्येक कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. एक्केचाळीस सुनावण्या, पालकांसमक्ष." मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली 'मार्गदर्शन व्हावे' असं जोडलं. कार्यालय सहा आठवडे गप्प बसलं. सहामाही परीक्षा होऊन गेली. मग फोन आला: चौकशीसाठी साहेब स्वतः येत आहेत, सोमवारी, ठीक साडेसात वाजता.

सोमवारी वर्ग आरशासारखा होता. प्रत्येकजण आपापल्या खात्यावर. नळप्रमुखाने नळाखाली बादली बदलली. साडेसातची घंटा झाली, दार लागलं, कडी बसली. साहेब आलेले नव्हते.

पावणेआठला टकटक झाली. दार चार बोटं उघडलं.

"उशीर का झाला?"

बाहेरून हेडबाईंचा आवाज आला, "अगं ए, साहेब आहेत! उघड!"

"साहेबांना उशीर का झाला?"

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. म्हटलं, बघू या. तिचं खातं आहे, मी कशाला नाक खुपसू.

"कार्यालयीन काम होतं," एक भारदस्त आवाज म्हणाला.

"खरं कारण सांगायचं असतं. मग लगेच आत घेतो."

बाहेर हेडबाई काहीतरी पुटपुटल्या. वर्गात एक्केचाळीस श्वास रोखलेले... नाही, चाळीस, दारावरची अगदी निवांत होती. तेवढ्यात शांतताप्रमुखाने डरकाळी फोडली, "शांत बसाऽऽ!" आणि बाहेर कोणाची तरी फाईल पडली.

मग साहेबांचा आवाज आला, जरा खाली उतरलेला. "घरी आजारपण आहे. डबा मी केला. भाजी करपली. परत केली."

"या," ती म्हणाली आणि दार पूर्ण उघडलं.

साहेब आत आले. उंच, थकलेले, शर्टाच्या बाहीवर हळदीचा डाग. ती वहीत लिहीत होती: साहेब. भाजी करपली. त्यांनी ते वाचलं आणि वही हातात मागितली. बाकावर बसून पान-पान उलटत राहिले. शिपाईमामांच्या चेनवर हसले, माझ्या झोपेवर माझ्याकडे बघितलं. मग पहिल्या पानावर आले आणि हसणं थांबलं.

पहिलं पान मीही कधी बघितलं नव्हतं. तिने तिथे स्वतःचे उशीर लिहिले होते. नेमणुकीच्या आधीचे, सगळे अडतीस, हजेरीपत्रकावरून तारखा बघून. प्रत्येक तारखेपुढे कारणाच्या रकान्यात एकच: विचारलं नाही. विचारलं नाही. विचारलं नाही. पान संपेपर्यंत.

साहेबांनी वही माझ्याकडे केली. माझी जन्मात इतकी शोभा झालेली नाही, आणि तक्रारीला जागा नव्हती. विचारायला तोंड कोणाला होतं? मलाच.

नंतर हेडबाईंच्या खोलीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, मला कळलं. असं करू, त्या मुलीचं पत्र राहू द्या. मी बघितलंच नाही असं समजतो. बाकीची चाळीस रद्द करा."

"नाही साहेब."

"का?"

"तिचं एकटीचं ठेवलं तर ती मेहेरबानी होते. मेहेरबानी कोणीही कधीही काढून घेतो. सगळ्यांचं ठेवलं तर ती वर्गाची रीत होते."

हेडबाईंनी डोळे मिटले. साहेबांनी बाहीवरचा डाग नखाने खरवडला. "मग तुमच्यावर शेरा येईल. मला लिहावाच लागेल, फाईल वरपर्यंत गेलीय."

"लिहा. फक्त अक्षर सुवाच्य असू द्या, मी दुसरीला शिकवतो."

शेरा आला तो असा: 'सदर शिक्षक हेकट असून वरिष्ठांच्या सूचना जुमानत नाहीत. तथापि वर्गाची वेळेबाबतची शिस्त उत्तम आहे. सदर तात्पुरत्या नेमणुका शैक्षणिक वर्षाअखेर आपोआप संपुष्टात येतील.' बढतीच्या यादीतून माझं नाव गेलं. शिक्षकांच्या खोलीत काहींनी सांत्वन केलं, काहींनी "काय मिळवलंत?" असं विचारलं. पंधरा मिनिटं मिळवली, असं मी सांगायचो. त्यांना तो विनोद वाटायचा.

वर्ष संपत आलं तशी माझी झोप उडाली. 'वर्षाअखेर संपुष्टात.' म्हणजे सुट्टीनंतर पाळणाघराच्या भिंतीवरचा कागद मेलेला. त्या आजी बाई काही वाईट नाहीत, पण कागद वाचता येतो त्यांना. मी जावककाकांकडे गेलो. त्यांनी शेरा दोनदा वाचला आणि मांडीवर थाप मारली. "अहो, नेमणूक संपुष्टात येईल म्हटलंय. बदली करायची नाही असं कुठे म्हटलंय? संपायच्या आधी बदली काढा!"

तिसरी ब च्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही माझ्याकडे विद्यार्थी पाठवताय की कर्मचारी?" मी म्हटलं, दोन्ही, आणि तुमच्या वर्गातला पंखासुद्धा बंद आहे. त्यांनी वर बघितलं आणि तयार झाल्या.

कारकुनाने आधी हात जोडले. "सर, जावक रजिस्टरला तुमचा हात लागू द्यायचा नाही, अशी मला सक्त सूचना आहे." मग चष्मा पुसत म्हणाला, "मी चहाला चाललोय. रजिस्टर टेबलावर आहे, शिक्का खणात. मला काही माहीत नाही." बहुतेक त्यालाही त्या दारात कारण विचारलं गेलेलं आठवलं असावं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी बदलीचे आदेश काढायला बसलो. नेमका त्याच दिवशी अकरा वाजता शेऱ्याखाली सही करायला मला कार्यालयात बोलावलं होतं. एक्केचाळीस आदेश, एक्केचाळीस शिक्के, एक्केचाळीस क्रमांक. वरिष्ठ कार्यालयाला प्रत, ही ओळ या वेळी मी मुद्दाम ठेवली. प्रत्येकाच्या हातात आदेश दिला. दारप्रमुखाने तिचा वाचला, घडी न घालता दप्तरात सरळ ठेवला आणि उशिराची वही माझ्या हातात दिली. "चार्ज," म्हणाली. नव्या दुसरीसाठी.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दाराशी टेबल टाकून बसलेल्या लिपिकाने घड्याळ बघितलं आणि मान वर न करता म्हणाला, "अकराची वेळ होती. बाहेर थांबा."

बाहेर एक बाक होतं. मी त्याच्याकडे बघितलं, हातातल्या वहीकडे बघितलं, आणि जागचा हललो नाही.

"थांबतो," मी म्हटलं, "पण आधी विचारा."

"काय विचारू?"

"उशीर का झाला, ते."

त्याने आता मान वर केली. मागच्या टेबलांवरचे चारपाचजण बघायला लागले. "अहो गुरुजी, काय चाललंय तुमचं?"

"विचारा. विचारल्याशिवाय मी बाहेर जाणार नाही आणि आतही येणार नाही. इथेच उभा राहीन, संध्याकाळपर्यंत."

त्याने मागच्या टेबलांकडे बघितलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "बरं बाबा. का झाला उशीर?"

"एक्केचाळीस बदल्या काढत होतो," मी म्हटलं, आणि आत गेलो.